मेणातला तुकडा

डॉक्टर रतिलाल सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत म्हणाले, "कॅन्सरच दिसतोय," आणि प्रमिलाबाई घाबरल्या. निदान ऐकून नव्हे. ज्या काचेवरून ते निदान झालं ती त्यांच्याच हातची होती, आणि ती नीट उतरलेली नाही हे फक्त त्यांनाच माहीत होतं.

साल १९३८, वैशाखाचे दिवस. धुळ्याला देवपुरात डॉक्टरांचा दवाखाना होता आणि मागच्या खोलीत प्रमिलाबाईंची प्रयोगशाळा. पुण्याला राहून त्या हे काम शिकून आल्या होत्या. रोग्याच्या अंगातून काढलेला मांसाचा तुकडा आधी औषधात टिकवायचा, मग स्पिरिटमध्ये ठेवून त्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवायचा आणि यंत्राच्या सुरीने कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर रंगवायचे. एवढं झालं की मग डॉक्टर बघणार.

या वेळचा तुकडा भिकुबाईचा होता. साक्रीकडच्या खेड्यातली, चोविशीची बाई, पदरात दहा महिन्यांचं मूल. छातीत दगडासारखी गाठ झाली होती. डॉक्टरांनी तिच्यातून हरभऱ्याएवढा तुकडा काढून दिला होता आणि त्या दिवशी सकाळपासून काच झाली का म्हणून तीनदा विचारून गेले होते. काप काढताना मधलाच भाग मेणातून गळून पडत होता. जे हाती लागलं ते जाड होतं, चुण्या पडलेलं. तरी प्रमिलाबाईंनी ते रंगवलं आणि काही न बोलता पुढे केलं.

आता डॉक्टर उद्या सकाळी पूर्ण स्तन काढायचा म्हणत होते. व्हरांड्यात बसलेल्या लोटनला, भिकुबाईच्या नवऱ्याला, सांगायला ते निघूनही गेले.

प्रमिलाबाई पाणी प्यायला म्हणून बाहेर आल्या. वाटेतच भिकुबाईची खाट होती. तिने त्यांना हाताने थांबवलं.

"बाई, मना तुकडा तुमनाजोडे शे ना? नीट दखा."

आपला तुकडा तुमच्याजवळ आहे, तो नीट बघा, एवढंच ती सांगत होती. पाणी तसंच राहिलं. लोटनशी बोलून डॉक्टर आपल्या खोलीत परतले होते; प्रमिलाबाई तडक तिथे गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"डॉक्टरसाहेब, त्या काचेवर विसंबू नका. काप जाड आहे, दुमडलेला आहे. एकावर एक थर पडलेत, म्हणून पेशींची गर्दी दिसते."

"मग दिलीत कशाला?"

"नाही म्हणायचं धाडस झालं नाही."

डॉक्टर चिडले. गाठ खरंच कॅन्सरची असली तर एकेक दिवस मोलाचा आहे, पुन्हा तिथे सुरी लावून दुसरा तुकडा काढायला आपण तयार नाही, असं त्यांनी सुनावलं. शेवटी शनिवार सकाळपर्यंतची मुदत दिली. त्या दिवशी बुधवार होता.

बिघडलं कशामुळे, हे आधी शोधायला हवं होतं. प्रमिलाबाईंना स्पिरिटचा संशय आला. बाटली उघडून बरेच दिवस झाले होते. त्यांनी मोरचूद तव्यावर भाजून पांढरा केला आणि चिमूटभर त्या स्पिरिटमध्ये टाकला. पाण्याचा अंश लागला की तो पुन्हा निळा होतो; पाहता पाहता तो निळा झाला. स्पिरिटमध्येच पाणी शिरलं होतं, मग ते तुकड्यातलं पाणी काय काढणार? आत ओल राहिली आणि मेण मधोमध पोचलंच नाही.

उरलेला तुकडा आता तुरीच्या डाळीएवढा होता. त्याचं मेण वितळवून त्याला आल्या वाटेने मागे न्यायचं आणि नव्या बाटलीतल्या स्पिरिटपासून पुन्हा पुढे आणायचं, एवढा एकच उपाय होता. स्पिरिटमध्ये कमी वेळ ठेवला तर ओल राहणार, जास्त ठेवला तर तुकडा कडक होऊन सुरीखाली चुरा होणार. गुरुवार, शुक्रवार त्या घड्याळाकडे बघत बसल्या. घरून आलेला डबा तसाच परत गेला. लोटन दिवसातून चारदा दाराशी येऊन उभा राही आणि परत जाई.

शनिवारी दिवस उगवायच्या आत त्यांनी मोतीलालच्या सोड्याच्या दुकानातून भुशात गुंडाळलेला बर्फ आणवला, कारण त्या उन्हाळ्यात मेण सकाळीसुद्धा बोटाला चिकटत होतं. मेणाची वडी बर्फावर धरून यंत्राला लावली. पहिले काप फाटले. पुढच्या कापांवर एक उभी रेघ येऊ लागली. पात्याला तिथे खाच होती. तुकडा पातळ होत चालला होता. त्यांनी यंत्र थांबवलं, सुरी सरकवून पात्याची चांगली बाजू समोर आणली आणि पुन्हा बर्फ लावला. यंत्राच्या चाकावर हात ठेवला खरा, पण फिरवायचा धीर होईना. मग हळूच चाक फिरवलं. एक काप आला, त्याला चिकटून दुसरा, तिसरा, आणि मेणाची अखंड फीत सुरीवरून खाली उतरली. कोमट पाण्यावर सोडताच तिच्या सुरकुत्या गेल्या.

दहाच्या सुमाराला डॉक्टरांनी नवी काच लावली. बघता बघता त्यांनी जुनी काच मागवली, ती पाहिली, पुन्हा नवी लावली. प्रमिलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "दुधाचं गळू आतल्या आत जुनं होऊन गाठ झालीय. चिरून पू काढला की पुरे."

मग त्यांनी खालच्या आवाजात पुढचं सांगितलं. "यापुढे काच चांगली नसेल तर मला देऊ नका. मी ओरडलो तरी."

भिकुबाईची जखम भरायला दोन महिने लागले, पण भरली.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच नशिराबादच्या एका म्हाताऱ्याच्या मानेतला तुकडा आला. गुरुवारी डॉक्टर दारात येऊन विचारू लागले. काप अजून जाड येत होते. प्रमिलाबाई म्हणाल्या, "अजून नाही," आणि डॉक्टर परत गेले.