आईला ऐकू आलं तेव्हा

आईच्या कानात मशीन मीच बसवलं. माझं कामच ते: लोकांचे कान तपासायचे आणि ज्याला जेवढं लागेल तेवढा मशीनचा आवाज लावून द्यायचा. पण सख्ख्या आईला दुकानात आणता आणता नाकी नऊ आले. "मला नीट ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता," असं ती टीव्हीनं घर दणाणून सोडत सांगायची.

मशीन लागल्यावर ती हरखून गेली. फ्रीजची घरघर ऐकून म्हणाली, "हा इतकी वर्षं बोलत होता होय!" मग सुट्टीच्या सकाळी ठेवणीतले कपडे घालून नेहमीसारखी प्रार्थनागृहात गेली. परत आल्यावर ते कपडे तिनं कपाटाच्या तळाशी ठेवले. पुढच्या सुट्टीला गेलीच नाही. त्याच्या पुढच्याही.

माझी आई, अंगात ताप असला तरी पहिल्या रांगेत बसणारी! मी विशीत जाणं सोडलं तेव्हा तिनं माझ्याशी अबोला धरला होता. आता तिनंच सोडलं म्हटल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी तिच्या मागेच लागले.

"झालं तरी काय?" मी विचारलं.

"काही नाही. ऐकू आलं." ती चादरीची घडी घालत होती. "गुरुजी प्रार्थनागृह सोडून गेलेल्यांबद्दल बोलत होते. ती माणसं आतून मेलेली असतात म्हणे. त्यांच्याशी मनानं नातं ठेवू नये म्हणे. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या मैत्रिणीनंसुद्धा. तुला कडेवर घेऊन फिरायची ती."

"आणि तू?"

"मीही डोलावली. सवयीनं. मग लक्षात आलं, हे तुझ्याबद्दल चाललंय."

दुसऱ्या दिवशी मी तडक गुरुजींकडे गेले. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून गेले होते. गुरुजी प्रार्थनागृहात एकटेच खुर्च्या एकावर एक रचत होते. पूर्वी तिथं उभं राहायला जागा नसायची.

माझं ऐकून ते गोंधळले. "पण हे मी कितीतरी वर्षं बोलतोय. तुमच्या आई समोर बसून हसऱ्या चेहऱ्यानं ऐकायच्या. मला वाटायचं, एवढ्या चांगल्या बाईंना पटतंय म्हणजे बरोबरच असणार."

"आईला ऐकू येत नव्हतं, गुरुजी."

ते खुर्चीवर टेकले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही का सोडलंत? खरं सांगा. माझा मुलगाही येत नाही. तो दाराशी उभा राहून ऐकेल आणि घाबरून परत येईल, म्हणून बोलतो मी ते."

"येतो का?"

"नाही."

विशीत मी यावर तासभर भांडले असते. आता तोंडातून एवढंच आलं, "मला कंटाळा यायचा." ते उत्तर मलाच खोटं वाटलं. खरं कुठलं, ते आठवेना. भांडण राहिलं बाजूला, मी त्यांना खुर्च्या रचू लागले.

घरी सांगितलं तर आई माझ्यावरच उखडली. "कशाला गेलीस? त्या बिचाऱ्याला काय वाटलं असेल!"

"अगं, तुझ्यासाठीच गेले!"

"तिथलं गाणं मात्र छान असतं," ती मध्येच म्हणाली. "आता तर शब्दही कळतात."

"मग गाण्यापुरती जा."

"तू जा म्हणतेस आणि मी नको म्हणते. सगळं उलटंच झालंय." ती हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले. "देवावर विश्वास आहे गं माझा. बहुतेक. तिथे बसून बसून तो देवावर होता की मैत्रिणींच्या गराड्यावर, तेच कळेनासं झालंय."

संध्याकाळी तीच मैत्रीण दारात उभी. मला बघून क्षणभर चपापली, मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "किती वाळलीस!" तासभर गुडघे, सुना, भाजीचे भाव असं सगळं झालं. प्रार्थनागृहाचं नाव कुणी काढलं नाही. निघताना चपला घालता घालता तिनं खालमानेनंच विचारलं, "येत्या सुट्टीला येतेस ना?"

आईला विचारलं की मला, कळलं नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

"बघू," आई म्हणाली.

मैत्रीण गेल्यावर मी विचारलं, "बघू म्हणजे?"

"मला काय ठाऊक?" म्हणत आईनं दार लावलं.