बहात्तराव्या फेरीची चूक

बत्तीस वर्षं मी धातूवर मुलामा चढवला. निकेल, तांबं, जस्त, जे म्हणाल ते. त्यामुळे सूनबाईने तिच्या प्रयोगशाळेत मदतीला बोलावलं तेव्हा मनात म्हटलं, काम आपलंच आहे, या शिकलेल्या लोकांनी उगाच अवघड करून ठेवलंय.

तिची बॅटरी म्हणजे आम्लात विरघळवलेल्या शिशाची टाकी, एक पंप आणि काचेआड समोरासमोर दोन काळ्या कार्बनच्या पट्ट्या. चार्ज करताना एका पट्टीवर करडं शिसं बसतं, दुसरीवर शिशाचा तपकिरी ऑक्साइड. वीज काढून घेतली की दोन्ही लेप परत विरघळतात. अशा शंभर फेऱ्या शुक्रवारपर्यंत झाल्या, तर तपासणीच्या बाई मोठ्या बॅटरीला मंजुरी देणार होत्या. नाहीतर खोली रिकामी करायची आणि पोरीची चार वर्षं मातीत.

फेऱ्या आपोआप बदलणारं यंत्र नेमकं जळालं, म्हणून ते बटण हाताने दाबायला मी बसलो.

"बाबा, वीज काढताना मीटरचा काटा या खुणेवर आला की दाबायचं, म्हणजे परत चार्ज सुरू. आधी नाही, नंतर नाही."

"कळतं गं मला," मी म्हणालो.

कळत होतं, पण हात ऐकेना. आमच्या धंद्यात लेप उतरवायचा तो फक्त बिघडलेल्या मालाचा, तोही मान खाली घालून. इथे तर छान बसलेला लेप रोज सहा वेळा उतरवायचा! काळी पट्टी उघडी पडायला लागली की मी बटण जरासं आधी दाबायचो. जरासंच.

बहात्तराव्या फेरीला काटा थरथरला. सूनबाईने टॉर्च मारला. न उतरलेल्या तपकिरी लेपाच्या खपल्या साठल्या होत्या, आणि समोरून शिशाचा एक केसासारखा तंतू त्यांच्याकडे निघाला होता. तो टेकला की शॉर्ट, आणि खेळ खलास.

"बाबा, बटण कधी दाबत होता?"

दोष पंपावर ढकलता आला असता. पण मी खरं ते सांगितलं. तिने आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती स्टुलावर बसली.

मग उठली. जखम धुवायला वापरतात ते पेरॉक्साइड तिने मापाने टाकीत ओतलं. बुडबुडे फसफसले आणि तो हट्टी तपकिरी थर विरघळायला लागला.

"आता राहिलेलं सगळं उतरवा. तुमच्याच हातानं."

मी उतरवलं. काटा शून्यावर गेला, तंतू नाहीसा झाला, पट्ट्या कोऱ्या काळ्या झाल्या. पुढची फेरी पूर्ण क्षमतेने निघाली.

शुक्रवारी तपासणीच्या बाईंनी फेऱ्यांच्या नोंदींची वही उघडली. "बहात्तर. माणसाच्या चुकीने लेप साठला. पेरॉक्साइडने साफ. कोण हा माणूस?"

सूनबाईने माझं नाव लिहिलंच नव्हतं.

"मी," मी पुढे झालो. "आयुष्यभर लेप चढवलाय बाई. उतरवायला हात धजेना. यात हिची काही चूक नाही."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "काका, मोठ्या बॅटरीवर कुणीतरी ही चूक करणारच. तेव्हा ती फेकून द्यावी लागते की वाचवता येते, हे आजवर मला एकानेही दाखवलं नव्हतं. सगळे आपल्या बिनचूक शंभर फेऱ्या घेऊन येतात." त्या सूनबाईकडे वळल्या. "त्यानंतर किती झाल्या?"

"सत्तावीस. ही अठ्ठाविसावी."

काटा खाली येत होता. खोलीत फक्त पंपाची घरघर. खुणेवर आला, अगदी खुणेवर, आणि मी बटण दाबलं.

"शंभर!" मी इतका ओरडलो की शेजारच्या खोलीतले लोक धावत आले.

बाईंनी सही केली. आणि चार माणसांत माझ्याशी मोठ्याने कधी न बोललेली माझी सून सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही खोटं बोलला असतात ना, तर आपण हरलो असतो."