आडवा बीम

तिने पहिला बिंदू ठेवला, मग दुसरा, आणि दोन्हींमधून रेघ ओढली. संगणकाच्या पडद्यावर नदीवरचा पूल सध्या एवढाच होता: काळ्या पाटीवर एक पांढरी रेघ. बाकीच्या रेघा तिने भराभर जोडल्या, पोलादी बीमच्या छेदाची, म्हणजे कापल्यावर दिसणाऱ्या आकाराची, मापं टाकून तो छेद रेघांना चिकटवला, दोन्ही काठांवर आधार दिले, वरून चालणाऱ्या माणसांचा भार टाकला. एरवी ती असं काम सावकाश करी. शेजारच्या टेबलावरचे लोक तिला गमतीने ‘गोगलगाय’ म्हणत. आज मात्र तिला घाई होती, कारण नकाशाच्या कोपऱ्यात भावजींची सही होती.

भावजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिक्षण संपल्यावर ती त्यांच्याच कार्यालयात लागली होती. तेव्हा एका नाट्यगृहाच्या सज्ज्याचं काम आलं. मालकाला पोलाद कमी हवं होतं, आणि ती नको नको म्हणत असताना भावजींनी बीम बारीक केले. नाट्यगृह उघडण्याआधीच सज्जा खचला. खाली गिलावा करणाऱ्या गवंड्याचा पाय गेला. चौकशीत भावजी आवाज न चढवता म्हणाले, “मॉडेल मेव्हणीने केलं होतं. घरची म्हणून मी विश्वास ठेवला.”

तिचा परवाना गेला. ताई भेटायला आली ती उंबऱ्याशीच उभी राहिली. “तू एकटी आहेस, तुझं निभेल,” ताई म्हणाली. “आमच्या पदरी मुलं आहेत.” त्यानंतर ती ताईच्या घराची पायरी चढली नाही.

परवाना परत मिळाल्यावर ती या कार्यालयात आली. इथे दुसऱ्यांनी काढलेली बांधकामं पुन्हा मांडून तपासायची असत. आडनावं वेगळी, त्यामुळे नातं कुणाला ठाऊक नव्हतं. नगरपालिकेकडून या पुलाची फाइल हातात आली तेव्हा तिने सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर फाइल दुसऱ्याकडे गेली असती.

तिने गणित चालवलं. रेघ मधोमध वाकली आणि लाल झाली.

“आता कुठे जाल?” ती पुटपुटली.

“कुणाशी बोलतेस?” संचालकबाई चष्मा कपाळावर चढवत मागे येऊन उभ्या राहिल्या.

“पूल नापास आहे.”

“नक्की?”

“हा लाल रंग बघा ना.”

बाईंनी पाहिलं आणि मान हलवली. “उद्या बोलावून घेऊ त्यांना. असलं फोनवर सांगू नये.”

त्या रात्री ती पोटभर जेवली, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या भावजींचा चेहरा कसा पडेल ते मनात रंगवत राहिली.

सकाळी अहवालासाठी चित्र हवं होतं. नुसती रेघ बरी दिसणार नाही, म्हणून तिने बीम त्याच्या खऱ्या जाडीत दाखवायची आज्ञा दिली. चित्र उमटलं आणि माऊसवरचा तिचा हात थांबला. बीम कुशीवर पडला होता.

पट्टी आडवी धरली की बोटाने वाकते, उभी धरली की वाकत नाही. बीमचंही तसंच. पण पडद्यावरच्या रेघेला वरची बाजू कुठली, खालची कुठली हे कळत नाही. ते तिला सांगावं लागतं. काल घाईत तिने सांगितलंच नव्हतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नापास झाला होता तो तिने आडवा पाडलेला बीम.

तिने तो उभा केला आणि गणित पुन्हा चालवलं. पूल या काठापासून त्या काठापर्यंत शांत निळा झाला. तिने कागदावर हाताने आकडेमोड करून पाहिली. तेच उत्तर आलं.

मग तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. आडवा पडूनही हा बीम थोडक्यात नापास झाला होता. दुसरा एखादा तर केव्हाच मोडला असता. तिने नकाशा पुन्हा उलगडला. जिथे एक पोलादी पट्टी पुरली असती तिथे दोन, जिथे चार बोल्ट पुरले असते तिथे आठ. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. भावजी पाणीसुद्धा फुंकून पीत होते. त्या सज्ज्यानंतर हा माणूस एक बोटभर पोलाद कमी करायला धजावला नव्हता.

तिला कीव यायला हवी होती. पण आधी सुचलं ते वेगळंच.

दुपारी भावजी आले. केस पांढरे झाले होते, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. तिला पाहून ते दारातच थबकले. मग संचालकबाईंना नमस्कार करून खुर्चीच्या कडेवर बसले.

“बोलावलंत म्हणजे पूल नापास. कुठे झाला?” त्यांनी विचारलं. “मी तर सगळं वाढवूनच धरलं होतं.”

“नापास नाही,” ती म्हणाली. “काल माझ्याकडून बीम आडवा मांडला गेला. चूक माझी. आज उभा करून तपासला. पूल पास आहे.”

संचालकबाईंच्या भुवया वर गेल्या. ती भावजींकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता ते बाईंकडे वळतील आणि म्हणतील, तेव्हाही हिने असंच केलं होतं. पण त्यांनी नुसता श्वास सोडला आणि रुमालाने तळहात पुसले.

“आणखी एक आहे,” ती म्हणाली. “पोलाद निम्मं केलं तरी पूल पूर्ण सुरक्षित राहील.”

“निम्मं?” बाई एकदम खुलल्या. “नगरपालिका नाचेल! मग तसाच सुधारित नकाशा द्या ना.”

“नको,” भावजी म्हणाले. “म्हणजे... असू द्या. आहे ते बरं आहे.”

“का पण?”

भावजी रुमालाची घडी घालू लागले.

“गणितात काही खटकतंय का?” तिने विचारलं.

“नाही. तू... तू नीट पाहिलंस ना?”

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “तुमची ओळख आहे?”

“माझ्या बहिणीचे यजमान,” ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे आधी सांगायचं असतं,” बाई हळू म्हणाल्या.

“हो. काय ती कारवाई करा. दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घ्या. आकडा बदलणार नाही.” तिने निम्म्या पोलादाच्या बीमचं चित्र असलेला कागद भावजींपुढे सरकवला. “सही मात्र तुमचीच लागेल.”

तिने एकही खोटा आकडा सांगितला नव्हता. भावजी त्या बारीक झालेल्या बीमकडे बघत राहिले. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

जिन्याच्या तोंडाशी ते मागे वळले. ती दारात उभी होती.

“ताई तुझी फार आठवण काढते. येत जा कधी.”

“सही झाली की कळवा, भावजी.”

त्यांनी मान डोलावली. खाली उतरण्याआधी त्यांनी जिन्याचा कठडा धरला, तळव्याने दाबून पाहिला, पुन्हा एकदा दाबून पाहिला, आणि मगच पायरीवर पाऊल टाकलं. आतून संचालकबाई तिला हाक मारत होत्या. ते खालच्या फरशीवर पोचेपर्यंत ती दारातून हलली नाही.