नको म्हणणारा हात

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सचे गिरीशराव बोलायला लागले, की राउंडअबाउटवरच्या गाड्याही त्यांचं वाक्य संपेपर्यंत गोल फिरत राहायच्या. अशा माणसाने नॉटिंगहॅमपलीकडच्या एका ख्रिस्ती मठात तीन दिवस मौन पाळायचं ठरवलं.

"अहो, पहिल्या जेवणालाच तोंड उघडाल," त्यांच्या बायको आशाताई म्हणाल्या. "फोन करा, न्यायला येईन."

झालं. जीव गेला तरी बोलायचं नाही, असं गिरीशरावांनी पक्कं केलं.

पहिल्या दुपारी साधूने सूपचं भांडं पुढे केलं आणि गिरीशरावांचा हात आपोआप आडवा झाला. आपलं पहिलं 'नको' कुठे खरं असतं? यजमानाने आग्रह करायचा, मग आपण 'बरं, थोडंसंच' म्हणायचं. साधू मात्र मान लववून पुढे गेला. तसेच बटाटे गेले, पुडिंगही गेलं. संध्याकाळी तोच प्रकार. हाताला साठ वर्षांचं वळण.

दुसऱ्या दुपारी त्यांच्या पोटात असं गडगडलं, की बाहेरच्या मेंढ्या पाऊस आला समजून झाडाखाली पळाल्या. आता मागावंच, म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात जेवताना वाचून दाखवणारा साधू आपल्या पंथाच्या जन्मकथेवर आला. पंधराशे वर्षांपूर्वी बेनेडिक्ट नावाचा तरुण रोम सोडून सुबियाकोच्या कड्यातल्या गुहेत राहिला. वरच्या मठातला रोमानस आपल्या वाट्याचा पाव वाचवून दोराने खाली सोडायचा. पाव आल्याचं कळावं म्हणून दोराला घंटा बांधलेली. अशी तीन वर्षं गेली. पुढे त्याच तरुणाने मठांसाठी नियम लिहिला: जेवताना एकमेकांकडे असं लक्ष ठेवा, की कुणाला काही मागावं लागू नये.

गिरीशरावांनी तोंड मिटलं. तीन वर्षं दोर सोडणारा कधी 'घे ना, लाजतोस काय' म्हणाला नसेल, आणि खालच्यानेही कधी 'नको' म्हटलं नसेल. काय माणसं ही!

शेजारच्या म्हाताऱ्या साधूने, कान वाचनाकडेच ठेवून, पावाची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. गिरीशरावांचा उजवा हात उठू लागला. डाव्याने त्यांनी तो मांडीवर दाबून धरला. म्हाताऱ्याने पाव त्यांच्या ताटात ठेवला. मग दुसरा. सहाव्यानंतर टोपली रिकामी झाली.

म्हाताऱ्याचा हात लोण्यापर्यंत पोचत नव्हता. गिरीशरावांनी बशी हळूच पुढे ढकलली.

तिसऱ्या दिवशी आशाताई न्यायला आल्या. नॉटिंगहॅम मागे पडेपर्यंत गिरीशराव गाडीत गप्प होते, असं त्या स्वतः सांगतात.