गाय कॅन्सल

रँच म्हणजे काय, हे दुसरीच्या वर्गाला समजावताना विभावरीचा घसा बसला. दुबईतल्या अल कुसैसच्या पोरांनी गाय पाहिली होती ती लबानच्या, म्हणजे ताकाच्या, खोक्यावर आणि सलग गवत पाहिलं होतं ते गोल्फ कोर्सवर. त्यामुळे गाई गोल्फ खेळत नाहीत, इथून सुरुवात करावी लागली.

धड्यातल्या मुलाची हरवलेली गाय तिच्या पाठीवर डागलेल्या खुणेवरून सापडते. विभावरी म्हणाली, चला, आपण करूनच बघू. लबानच्या रिकाम्या खोक्यांच्या गाई झाल्या, आइस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण झालं, कुंपणाबाहेर भेंडीच्या तुकड्यांनी लाल फुलं उमटली. गाईंवरची खूण ती अर्ध्या बटाट्यावर कोरून देणार होती. "आपापल्या घरची खूण घेऊन या," एवढंच तिने सांगितलं.

घरची खूण म्हणून पोरांनी बापांची व्हिजिटिंग कार्डं आणली.

विभावरीने कपाळाला हात लावला आणि बटाट्यांवर लोगो कोरले. पोरांचं तरी काय चुकलं? इथे माणूस कुणाचा, हे कंपनीच ठरवते. तिच्या स्वतःच्या पासपोर्टातल्या व्हिसावर स्पॉन्सर म्हणून नवऱ्याचं नाव होतं. पाठीवर डागलं नव्हतं, एवढीच मेहेरबानी.

निनादच्या गाईवर निळी क्रेन होती. साल दोन हजार नऊ, मंदीचं. रविवारी शाळा उघडली की हजेरीत एखादं नाव गप्प असायचं: बापाची नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल, घर भारतात परत. पालकांना रँच दाखवायच्या ओपन डेच्या तोंडावर निनादच्या बापाची क्रेनवाली कंपनी बंद पडली.

सुपरवायझर विनिता मॅडम रँच बघायला आल्या आणि त्यांनी ती गाय शिंगाला धरून उचलली.

"अगं, ही काढ. बुडालेल्या कंपनीची गाय, तीही रँचच्या गेटपाशी? चीफ गेस्ट प्रॉपर्टीवाले आहेत. निगेटिव्ह वाटतं."

"मॅडम, लबानचा खोका आहे तो."

"तेच म्हणतेय मी. खोक्यासाठी इश्यू नको. त्या मुलाचं नाव तसंही कमीच होणार. खलास."

आणि त्यांनी गाय कपाटात, जुन्या तक्त्यांच्या खाली सारली. निनाद समोरच उभा होता. मॅडम गेल्यावर त्याने अगदी शांतपणे विचारलं, "मिस, इज माय काऊ कॅन्सल्ड?"

विभावरीच्या कानशिलांत जाळ झाला. कंपनी बुडाली की माणूस जातो, हे तिला माहीत होतं. खोकासुद्धा जातो, हे नवीन होतं. अरे, निदान नोटीस पिरियड तरी द्या गाईला! तिने कपाट असं उघडलं की बिजागरी निघून हातात आली.

"तुझी गाय आहे, निनाद. खूण तू ठरव."

निनादने ट्रेमधला भेंडीचा तुकडा उचलला, लाल रंगात बुडवला आणि क्रेनवर दाबला. क्रेन गेली, फूल आलं.

"नाऊ हूज इज इट?" शेजारच्या इराने विचारलं.

"माइन."

इराने आपल्या गाईकडे बराच वेळ पाहिलं. "मिस, माय डॅडी ऑल्सो हॅज टू मेनी मीटिंग्ज," ती म्हणाली आणि तिने भेंडी मागितली. तिच्यामागे रांग लागली.

ओपन डेला चीफ गेस्ट कुंपणापाशी वाकले. झाडून सगळ्या गाईंवर एकच लाल फूल, आणि गेटपाशी पहिली गाय निनादची.

"विच कंपनी इज धिस?"

विनिता मॅडमचा चेहरा खडूसारखा झाला. विभावरीच्या मुठी वळल्या होत्या, पण आवाज हजेरी घेतानाचा. "मर्जर झालं, सर," तिने इंग्रजीत सांगितलं.

चीफ गेस्टनी गंभीरपणे मान हलवली. "व्हेरी गुड टाइम टू मर्ज." आणि निनादच्या गाईबरोबर फोटो काढून घेतला.

ते पुढे सरकताच मॅडम दातांतून म्हणाल्या, "तुझ्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल माझ्याच टेबलावर येतं, लक्षात आहे ना?"

विभावरीने गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र टेबलावर पालथं ठेवलं नाही, सरळ ठेवलं. ट्रेमधली भेंडी रंगात बुडवली आणि शाळेच्या बोधचिन्हावर अशी दाबली की टेबल हाललं, रँचमधल्या दोन गाई आडव्या झाल्या.

"येऊ द्या," ती म्हणाली.