सहावी जागा

बहरीनमधल्या मआमीरच्या त्या एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमधून मे महिन्यात फक्त सहाजणांना घरी सोडायचे. सातव्याने कितीही डोकं आपटलं तरी मफी, तिथल्या अरबीत नाही म्हणजे नाही!

दोन वर्षांपूर्वी तिथल्या कॉम्प्युटरवाल्या अश्विनीचे बाबा चिपळूणला अंथरुणाला खिळले होते, तेव्हा रजेची यादी एचआरच्या मयुरेशने एक्सेलमध्ये लावली. लावली कसली, वाट लावली! शहाण्याने अख्ख्या ओळी निवडायच्या सोडून नुसता तारखांचा कॉलम खालीवर केला. कोणाची तारीख कोणाच्या नावापुढे! दीड वर्ष घरी न गेलेली अश्विनी कागदावर नुकतीच जाऊन आलेली ठरली. तिने पासपोर्ट उघडून दाखवला. "लिस्ट फायनल झाली," म्हणत मयुरेशने मानही वर केली नाही. बाबा गेले, तिला तोंडही बघता आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने फाइल गुपचूप दुरुस्त केली. चूक झाली, हे दोन शब्द सांगायला काही त्याची जीभ वळली नाही.

यंदा मात्र संधी आपल्या पायांनी चालत आली. डायरेक्टर शहजादसाहेबांनी यादीचा प्रोग्राम अश्विनीलाच लिहायला सांगितला. "शेवटच्या रजेची तारीख आधी बघ, जुनी तारीख वर. दोघांची सारखी आली तर दुसरा निकष तू ठरव."

आणि आली की सारखी! मयुरेश आणि ड्रायव्हर बाळाजी गेल्या खेपेला एकाच विमानाने परतले होते. तारीख एक आणि जागाही एकच, सहावी. दुसरा निकष हुद्द्याचा ठेवला तर मयुरेश वर, नोकरीच्या वर्षांचा ठेवला तर सतरा वर्षं गाडी हाकणारा बाळाजी. मयुरेशच्या बहिणीचं लग्न होतं. वडील नाहीत, कन्यादान त्यालाच करायचं होतं. अश्विनीला हे पक्कं ठाऊक होतं. तिने कोडच्या एका ओळीत दोन शब्द टाकले आणि मयुरेश सातवा झाला. काय गार वाटलं म्हणून सांगू तिच्या जिवाला!

सकाळी बाळाजी तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, सायबांच्या भनीचं लगीन हाय म्हनं. माझी जागा त्येस्नी द्या की. मी काय, दिवाळीला जाईन."

"अदलाबदल होत नाही हो त्यात, बाळाजीकाका."

साफ खोटं! मिनिटभराचं काम होतं. बिचारा हळहळत गेला. दुपारी यादीवर शहजादसाहेबांची सही झाली, खलास. मग अश्विनी स्वतःहून मयुरेशच्या केबिनमध्ये गेली.

"अश्विनी, प्लीज, काहीतरी कर ना," तो रडवेला झाला होता. "घरी काय तोंड दाखवू मी?"

"सकाळी बाळाजीकाका आले होते. स्वतःची जागा तुम्हाला द्यायला."

तो ताडकन उठला. "मग?"

"मी नाही होत म्हणून सांगितलं. होत होतं."

मयुरेश मटकन खाली बसला. का, असं मात्र त्याने विचारलं नाही. म्हणजे मेल्याला सगळं आठवत होतं.