सगळ्यांचा एकच पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि इतका जुना झालो तरी माझा जीव ठिकाणावर नाही. बटण दाबले की माझा पंखा घरघरतो. लोक म्हणतात, धूळ झाली असेल. धूळ आहेच, पण घरघर तिची नाही.

एकोणीसशे नव्याण्णव साली हंबीररावकाकांनी मिरजेत स्टेशनजवळ इंटरनेटचे दुकान थाटले. काका कडेगावचे, फौजेतून निवृत्त झालेले. हळदकुंकू लावून, नारळ फोडून त्यांनी मला टेबलावर बसवले. काय कौतुक होते माझे! लोक चपला बाहेर काढून आत येत. ईमेलचे खाते काकाच उघडून देत आणि पासवर्ड सगळ्यांना एकच ठेवत, स्वतःच्या गावाचे नाव. "इसरला तर मला इचारा," म्हणत. शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी तसे लोक निर्धास्त असत.

साक्षी त्यांतलीच. ती इथल्या एका दवाखान्यात नर्स होती, घर कोयनानगरच्या वसाहतीत, तिथे तिचे वडील, आप्पा राहत. मस्कतला असलेल्या भावाला, महेंद्रला ती ईमेल करी. वसाहतीतल्या घरांना भूकंपाने तडे गेले होते आणि दुरुस्तीसाठी लोक धरणे धरणार होते. ते तिने कळवले. खाली लिहिले, 'दादा, आप्पांचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. त्यांना सांगायचा धीर होत नाही. काय करू?' ती ओळ तिने तीनदा खोडून पुन्हा लिहिली आणि मला ते सोसवत नव्हते.

मग साध्या कपड्यांतला एक पोलीस साहेब आला. धरण्यामागे कोण आहे, हे त्याला हवे होते. काकांनी ना कागद मागितला, ना कारण. चहा सांगितला आणि कोयनानगरची म्हणून साक्षीचे खाते उघडून दिले.

"बघा की साहेब, आमाला काय लपवायचं हाय?"

मी आतल्या आत तडफडलो. एरवी दिवसातून दहादा बंद पडणारा मी, त्या दिवशी मेला सुरळीत चाललो.

पुढे साक्षी आली ती दारातच थांबली.

"काका, तुमचा साहेब आमच्या घरी गेला व्हता. आप्पांना म्हनला, तुमाला कॅन्सर हाय, कशाला धरण्याला बसताय?"

काकांचा चेहरा उतरला. "पोरी, मला वाटलं, आपुन काय चोर हाय व्हय?"

"चोर न्हाईच आमी. पर आप्पांना कवा सांगायचं, कुनी सांगायचं, ते आमचं व्हतं न्हवं?"

काकांनी जो येईल त्याला स्वतःचा नवा पासवर्ड ठेवायला लावला. त्यानंतर ज्याचा पासवर्ड तोच टाकी आणि काका पाठ फिरवून उभे राहत. साहेब पुन्हा आला तेव्हा म्हणाले, "आधी कागद दावा."

मित्रांनो, लपवायचे काही नसले तरी जपायचे पुष्कळ असते. सरकारने विचारावे, पण कशासाठी ते सांगून. आणि तुमच्याकडे दुसऱ्याची किल्ली असेल, तर ती आपल्या किल्लीहून जास्त जपा.

साक्षी दारात थांबली त्या दिवशी, जाण्यापूर्वी तिने माझ्यावर आपले खाते उघडले. महेंद्रचे उत्तर येऊन बसले होते.

'आप्पांना काही बोलू नकोस. मी निघालोय. दोघं त्यांच्याजवळ बसून सांगू.'